ब्रेक लावला म्हणजे व्हीलचेअर बांधली असं नव्हे

वाचकाचं पत्र

मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते. माझे मिस्टर ४६ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी झाडावरून पडून मणक्याला मार बसला, तेव्हापासून कमरेखाली ताकद नाही आणि स्पर्शही कळत नाही. हातांत जोर चांगला आहे, पण पाठीला टेकू नसला की तोल जातो. खुर्ची घडीची आहे, शिबिरात मिळालेली. महिन्यातून एकदा पुण्याला तपासणीला जावं लागतं. मागच्या खेपेला परत येताना एका नव्या बसला लिफ्ट होती, आत व्हीलचेअरची जागाही होती, म्हणून आनंदाने चढलो. कंडक्टरने दोन्ही मोठ्या चाकांतून एकच पट्टा ओवून खांबाला बांधला आणि म्हणाला, "ब्रेक लावा, झालं." खंबाटकीचा घाट चढताना एका वळणावर खुर्ची एका अंगाने उचलली. ह्यांनी खांब धरला, मी खुर्ची धरली, म्हणून निभावलं. पुढे वेळ्याच्या उताराला खुर्ची पुढे सरकली ती वेगळीच. खुर्ची नेमकी कशी बांधायची असते? आम्ही स्वतःचे पट्टे घेऊन जावेत का? आणि साध्या लाल बसने जायची वेळ आली तर काय करावं?

उत्तर

ताई, यात तुमच्या मिस्टरांची चूक नाही, खुर्चीचीही नाही. पट्टा होता, पण नको त्या जागी होता. आणि ब्रेकवर टाकलेला भरवसा तर पूर्णच चुकीचा.

व्हीलचेअरचा ब्रेक कशासाठी असतो? पलंगावरून खुर्चीत येताना ती मागे पळू नये, एवढ्यासाठी. एक लोखंडी दांडी मागच्या टायरवर दाबून बसते, बाकी काही नाही. पुढची दोन छोटी चाकं मोकळीच राहतात आणि हवी तिकडे वळतात. बसने करकचून ब्रेक मारला की मागची चाकं फिरत नाहीत हे खरं, पण अख्खी खुर्ची फरशीवरून घसरते. टायर हवेचे असतील आणि हवा थोडी कमी असेल, तर ती दांडी टायरला नुसती टेकते, दाबतसुद्धा नाही.

वळणावर खुर्ची का उचलली, हे आकड्यांत बघा. घडीची खुर्ची आणि तिच्यात बसलेला माणूस, दोघांचा मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ६० सेंटिमीटरवर येतो. मागच्या दोन चाकांत अंतर ५५-५६ सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून एकेक चाक २८ सेंटिमीटरवर. बाजूला ढकलणारा जोर एकूण वजनाच्या निम्म्याजवळ पोचला की वळणाच्या आतल्या बाजूचं चाक जमीन सोडतं. कमरेत जोर नसलेला माणूस वळणावर बाहेरच्या बाजूला झुकतो, मग तेवढाही जोर लागत नाही. त्याच क्षणी चाकाखाली खड्डा आला तर विचारायलाच नको. चाकांतून ओवलेला पट्टा अशा वेळी काहीच धरून ठेवत नाही. चाक किंचित फिरतं, पट्टा रिमवरून वर सरकतो, ढिला पडतो आणि स्पोक वाकतात. घरी आल्यावर चाकं हाताने फिरवून पाहिलीत का? एखादं लचकत असेल तर सायकलवाल्याकडून ते सरळ करून घ्या. स्पोक ताणून चाक सरळ करणं त्याच्या रोजच्या हातातलं काम आहे.

खुर्चीतच बसून जायचं का?

बांधायचं कसं ते सांगतोच, पण त्याआधी हे ठरवा. बसचं सीट जमिनीला बोल्टने पक्कं केलेलं असतं. शिबिरात मिळणारी घडीची खुर्ची घरात आणि रस्त्यावर वापरायला बनवलेली असते, वाहनाच्या धडकेत टिकावी म्हणून नव्हे. ज्या खुर्च्यांची तशी चाचणी होते (आयएसओ ७१७६ या आंतरराष्ट्रीय मानकाचा भाग १९), त्यांच्या फ्रेमवर पट्टा अडकवायच्या चार जागा बनवलेल्या असतात आणि तिथे हुकाचं चित्र असतं. तुमच्या खुर्चीवर ते चित्र बहुधा नसेल.

म्हणून आमचा साधा नियम असा: बसमध्ये खुर्चीसाठी चारही पट्टे आणि माणसासाठी वेगळा कंबर-खांद्याचा पट्टा, असं दोन्ही असेल तर खुर्चीत बसून जा. यातलं एक जरी नसेल तर मिस्टरांना बसच्या सीटवर घ्या, आणि रिकामी खुर्ची घडी घालून बांधा. नुसत्या 'व्हीलचेअरची जागा' या पाटीवर जाऊ नका. पाटी चिकटवायला पैसे लागत नाहीत.

हातांत जोर आहे, त्यामुळे सीटवर सरकणं त्यांना जमण्यासारखं आहे. त्यासाठी गुळगुळीत पॉलिश केलेली, कडा गोल केलेली एक फळी सुताराकडून करून घ्या. लांबी ७० सेंटिमीटरच्या आसपास, रुंदी वीत-सव्वा वीत. फळीचं एक टोक मांडीखाली, दुसरं सीटवर, आणि हातांवर भार देत सरकायचं. खुर्चीचा त्या बाजूचा हात आधी काढा किंवा वर करा. दोन्हीही होत नसेल तर तुमच्या खुर्चीला फळी चालणार नाही, मग दोन माणसांनी उचलूनच न्यावं लागेल.

चार पट्टे, चार जागा

बसला सगळं साहित्य असेल तर पुढचं नीट वाचा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. कंडक्टरला दाखवायला लागेल.

निम्मं काम घरी करायचं आहे. पट्ट्याचा हूक फ्रेमच्या अशा जागी लागला पाहिजे, जिथे दोन नळ्या वेल्डिंगने जुळल्यात आणि जी जागा हलत नाही, निघत नाही. मागच्या बाजूला ही जागा पाठीची उभी नळी आणि बाजूची आडवी नळी जिथे मिळतात तिथे, मोठ्या चाकाच्या आसाच्या वर सापडते. पुढच्या बाजूला छोट्या चाकाच्या वरची उभी नळी बाजूच्या फ्रेमला मिळते तिथे. सीटच्या पातळीच्या जरा खाली असली तर उत्तम. फार खाली, चाकाच्या आसाजवळ हूक लावला तर खालचा भाग जागीच राहतो आणि वरचा भाग कलंडतो. या चारही जागांवर इलेक्ट्रिशियन वापरतात ती लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवा. घाईत असलेल्या कंडक्टरला "फ्रेमच्या सांध्याला लावा" हे कळेलच असं नाही. "लाल पट्टीवर लावा" हे मात्र लगेच कळतं.

हूक कुठे लावायचा नाही, हेही सांगून ठेवतो: चाकाला, स्पोकला, पाय ठेवायच्या पट्टीला, हातांच्या टेकूला, ढकलायच्या मुठीला आणि घडीच्या खुर्चीत सीटखाली असलेल्या फुलीच्या नळ्यांना. फुलीचा मोह फार होतो, कारण ती बरोबर मधोमध असते आणि हूक पटकन बसतो. पण तीच तर घडी होणारी जागा. तिच्यावर ताण आला की खुर्ची मिटू पाहते, माणसासकट.

बसमध्ये खुर्ची ड्रायव्हरकडे तोंड करून, जमिनीतल्या मागच्या दोन अडकवण्यांच्या, म्हणजे पट्ट्यांची टोकं जिथे बसतात त्या जागांच्या, बरोबर मध्ये घ्या. आडवी कधीही नाही, म्हणजे पाठ खिडकीला आणि तोंड मधल्या वाटेकडे अशी नाही. अशा खुर्चीला ब्रेकचा सगळा धक्का कुशीवर येतो आणि ती तशीही आडव्या दिशेलाच लवकर कलंडते.

ब्रेक लावा. मग पुढचे दोन पट्टे, नंतर मागचे दोन. मागचे पट्टे फ्रेमपासून सरळ मागे जाऊ द्या, जमिनीशी ३० ते ४५ अंशांचा कोन करून. पुढचे पट्टे थोडे बाहेर फाकलेले आणि जरा उभे, ४० ते ६० अंश. पुढचे फाकलेले असल्यामुळेच खुर्ची वळणावर कलंडत नाही. मागचे दोन पट्टे समोरच्या धडकेत जवळजवळ सगळा भार घेतात, म्हणून ते सरळ हवेत. खुर्ची मागच्या अडकवण्यांच्या फार जवळ घेतली तर पट्टे उभे होतात आणि पुढे जाणारी खुर्ची धरून ठेवायला ते कमी पडतात. फार लांब घेतली तर पट्टे आडवे पडून चाकाला घासतात.

जमिनीत बहुतेक ठिकाणी खाचा असलेली ॲल्युमिनियमची पट्टी असते, तिला ट्रॅक म्हणतात. पट्ट्याचं टोक त्यात सरकवून दाबलं की 'टक्' असं वाजून खिळा बसतो. खरी गडबड इथेच होते. ट्रॅकमध्ये माती, गुटख्याच्या पुड्या, फरशी धुतल्यावर साचलेला गाळ असं काय काय अडकलेलं असतं. त्यामुळे टोक वरून बसल्यासारखं दिसतं, पण खाली खाचेत जात नाही. एक जुना दातांचा ब्रश आणि छोटा स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत ठेवा. टोक बसवल्यावर दोन्ही हातांनी सरळ वर ओढून बघा. निघालं तर ते बसलंच नव्हतं.

पट्टा घट्ट करायचे दोन प्रकार. एकात गुंडाळी असते. पट्टा ओढून हूक लावला की तो आपोआप मागे ओढला जातो, शेवटी बाजूची मूठ फिरवून कसायचा. दुसरा हाताने ओढायचा. दांडीने टकटक करत कसायचा रॅचेट असेल तर बेताने कसा. घडीची हलकी फ्रेम जास्त कसली तर वाकते आणि नंतर घडी नीट बसत नाही. कसून झालं की पाठीमागच्या मुठी धरून खुर्ची पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंना जोरात हलवा. ती ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकू नये. अमेरिकेच्या बससाठीच्या नियमात हीच मर्यादा दोन इंचांची आहे आणि अंदाज घ्यायला ती सोपी आहे. आडवी तीन बोटं आत जातील इतकं हलली तर पुन्हा कसा.

एवढी यातायात कशाला, असं कंडक्टर विचारेलच. या पट्ट्यांची चाचणी (आयएसओ १०५४२) ताशी ४८ किलोमीटरच्या समोरच्या धडकेइतका धक्का देऊन घेतात. त्यात प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या सुमारे वीसपट जोराने पुढे फेकली जाते. १८ किलोची रिकामी खुर्चीच मग ३६० किलोच्या जोराने ओढते. ७० किलोचा माणूसही खुर्चीलाच बांधलेला असेल तर पट्ट्यांवर पावणेदोन टन येतात. नायलॉनची दोरी अशा वेळी आधी ताणते आणि मग गाठीपाशी तुटते. मोटारसायकलच्या कॅरिअरचा रबरी पट्टा तर ताणण्यासाठीच बनवलेला आहे, तो वापरूच नका.

शहरातल्या काही लो-फ्लोअर बसमध्ये पट्टे नसतात, त्याऐवजी एक उंच गादीची फळी उभी केलेली असते. तिथे खुर्ची उलटी लावायची, म्हणजे पाठ ड्रायव्हरकडे. खुर्चीची पाठ फळीला टेकेपर्यंत मागे घ्यायची, मध्ये पिशवी अडकू द्यायची नाही आणि ब्रेक लावायचा. ही पद्धत खोटी नाही. ज्या बसमध्ये लोक उभ्याने जातात, तिथल्या वेगाला ती चालते. महामार्गावर, घाटात तिच्यावर भिस्त ठेवू नका.

माणसाचा पट्टा वेगळा

चार पट्ट्यांनी खुर्ची धरली, माणूस अजून मोकळाच आहे. तुमच्या मिस्टरांच्या छातीला घरी जो वेल्क्रोचा पट्टा असेल, तो ताठ बसायला मदत करतो, धडकेत त्याचा उपयोग शून्य. वेल्क्रो सुटतो किंवा छातीत रुततो.

कमरेचा पट्टा मांड्या जिथे सुरू होतात तिथे, ओटीपोटाच्या हाडांवरून गेला पाहिजे. पोटावर आला तर धक्क्यात आतडी दाबतो. बहुतेक जण तो खुर्चीच्या हातांच्या वरून घेतात. मग पट्टा माणसापासून चार बोटं लांब राहतो आणि पोटापर्यंत सरकतो. हातांच्या खालच्या फटीतून, सीट आणि टेकूच्या मधून तो आत घ्या. खांद्याचा पट्टा खांद्याच्या मध्यावर यावा, मानेला घासू नये, काखेतून जाऊ नये.

त्यांना खाली स्पर्श कळत नाही म्हणून आणखी एक काम: पट्ट्याखाली लुंगीचा किंवा पँटचा चुणा, मागच्या खिशातलं पाकीट, मोबाइल, काहीही राहू देऊ नका. पुण्यापर्यंतच्या प्रवासात अशा एका घडीने कातडी लाल होते, आणि दाबाची जखम तिथूनच सुरू होते. लघवीची नळी असेल तर ती पट्ट्याच्या वरून घ्या. खालून घेतली तर चेपते आणि पिशवी रिकामीच राहते. पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर लटकू द्या, पण चाकाला लागेल अशी नको.

मांडीवरचा ट्रे, मुठींना अडकवलेल्या पिशव्या, पाण्याची बाटली हे सगळं खाली काढून वेगळं ठेवा.

लिफ्टवर चढताना

रँपवर चढताना तोंड पुढे आणि मागे ढकलणारा माणूस. उतरताना खुर्ची उलटी, माणूस खालच्या बाजूला. लिफ्टवर मात्र खुर्ची पाठीमागून घ्या, पाठ बसकडे आणि तोंड बाहेर. मोठी चाकं बसच्या बाजूला राहतात आणि बसमध्ये शिरताना पुढची छोटी चाकं फटीत अडकत नाहीत. ब्रेक लावा, पुढची अडवण्याची पट्टी उभी झाली का ते बघा, मगच वर. सोबतच्याने लिफ्टवर उभं राहू नये.

लाल बसने जायची वेळ आली तर

जुन्या उंच बसमध्ये खुर्चीसकट चढवायचा हट्ट नको. फरशी जमिनीपासून ९० सेंटिमीटरच्या पुढे, पायऱ्या अरुंद. खुर्ची दारातून आत गेली तरी उभ्या पायऱ्यांवर माणसासकट उचलणं हे चढवणाऱ्यांच्या कमरेवर आणि मिस्टरांच्या जिवावर बेतू शकतं.

उचलायला दोन माणसं हवीत आणि दोघांना कोण काय करणार हे आधी माहीत हवं. मिस्टरांनी दोन्ही हातांची छातीवर घडी घालायची. मागच्या माणसाने त्यांच्या काखांतून हात घालून त्यांचेच मनगटाजवळचे हात पकडायचे. नुसतं काखेत उचललं तर खांदे सटकतात, आणि ज्यांची सगळी भिस्त हातांवर आहे त्यांचा खांदा गेला तर घरातलंही सगळं अडतं. दुसऱ्याने गुडघ्यांच्या वर मांड्यांखाली हात घालायचे. मागचा माणूस आधी पायऱ्या चढतो, पाठमोरा. "एक, दोन, तीन" एकानेच म्हणायचं. कुल्ले पायरीच्या लोखंडी कडेला घासू द्यायचे नाहीत. त्यांना दुखणार नाही, म्हणून तुम्हाला कळणारही नाही. रात्री घरी आल्यावर आरशाने किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने कुल्ले, माकडहाड, टाचा बघायच्याच.

सीट शक्यतो राखीव आणि पुढच्या भागातलं, खिडकीजवळचं. खिडकीची बाजू एका अंगाला टेकू देते, दुसऱ्या अंगाला तुम्ही बसा. शेवटची सीट टाळा. मागच्या चाकाच्या पलीकडे बस सगळ्यात जास्त उडते आणि मणक्याला ते सोसत नाही. ड्रायव्हरच्या अगदी शेजारीही नको. जिथे इंजिन पुढे आहे तिथे त्याचं झाकण आणि आसपासचा पत्रा तापतो. स्पर्श न कळणारा पाय तिथे टेकून राहिला तर फोड येईपर्यंत पत्ता लागत नाही. पायांत मोजे आणि बूट हवेतच, उन्हाळ्यातही.

तोल जाऊ नये म्हणून ओढणीने सीटला बांधायची पद्धत सगळीकडे दिसते. गाठ मारू नका. बसला काही झालं तर ती गाठ घाईत सुटत नाही. त्याऐवजी रुंद, एका झटक्यात उघडणारा बकलचा पट्टा छातीच्या खालच्या भागावरून सीटच्या पाठीमागे घ्या. हा फक्त ताठ बसण्यासाठी आहे, सुरक्षा-पट्टा म्हणून त्याच्यावर विसंबू नका. दर वीस-तीस मिनिटांनी त्यांनी हातांवर जोर देऊन कुल्ले वर उचलायचे, जमेल तितका वेळ. हा नेम बसमध्येच मोडतो, म्हणून मोबाइलवर गजर लावा.

आता रिकामी खुर्ची. पायपट्ट्या, गादी, निघणारे हात आधी काढून एका पिशवीत घालून स्वतःजवळ ठेवा. या सुट्या गोष्टी हरवल्या की खुर्ची निकामी होते आणि त्या एकेकट्या मिळत नाहीत. मग घडी घाला. डिकीत ठेवायची तर चाकांवर उभी, कडेला, आणि तुमचं सामान शेवटी चढवायला सांगा. आडवी टाकली आणि वर कुणाची पोती आली तर पुढच्या छोट्या चाकांचे काटे वाकतात. ते वाकले की खुर्ची कायम एका बाजूला ओढते. आत ठेवायला जागा असेल तर ड्रायव्हरच्या मागच्या जाळीला किंवा खांबाला वर आणि खाली अशा दोन जागी पट्ट्याने बांधा. एकाच जागी बांधलेली खुर्ची वळणावर दारासारखी झुलते. वाटेत किंवा संकटकालीन दारासमोर कदापि नको.

स्वतःचे पट्टे न्यावेत का?

माणूस खुर्चीत बसणार असेल तर नको. पट्टा कितीही दणकट असला तरी तो कशाला बांधणार हा प्रश्न उरतोच. सीटचे पाय सीटवरच्या प्रवाशाचा भार घ्यायला असतात, त्यात आणखी एक खुर्ची आणि माणूस अडकवला तर पाय आणि सीट दोन्ही सुटू शकतात. खांबाचंही तेच, तो हाताने धरायला असतो. रिकामी खुर्ची बांधायला मात्र २५ मिलिमीटर रुंदीचे, दाबून सुटणारं बकल असलेले दोन पट्टे जरूर जवळ ठेवा.

फ्रेमच्या नळीवर हूक बसत नसेल, तर त्यासाठी तयार मिळणारे छोटे फास वापरतात. ते नळीभोवती गुंडाळायचे आणि त्यात हूक लावायचा. तयारच घ्या. बॅग शिवणाऱ्याकडून शिवून घेतले तर कापड टिकतं आणि शिवण उसवते.

बसमधले पट्टे बघताना कडा पिंजल्यात का, शिवण सुटली का, हूक वाकलाय का, गुंडाळी गंजलीय का, एवढं बघा. गुंडाळी तपासायला पट्टा झटका देऊन ओढायचा. तो अडकला पाहिजे.

कंडक्टरशी बोलताना

बस लागायच्या अर्धा तास आधी स्थानकावर पोचा आणि वाहतूक नियंत्रकाला सांगून ठेवा की व्हीलचेअरचा प्रवासी आहे. बस फलाटावर आल्यावर सांगितलं तर सगळी गर्दी तुमच्याकडे बघत असते आणि कंडक्टर घड्याळाकडे. चारही पट्टे लावायला सरावाच्या माणसाला पाच मिनिटं पुरतात, नवख्याला त्याच्या दुप्पट-तिप्पट. "दादा, लाल पट्टीवर चार हूक लावायचेत, मी दाखवते, तुम्ही घट्ट करा" असं म्हटलं तर बहुतेक जण करतात. बहुतेकांना हे कुणी शिकवलेलंच नसतं.

एक थांबा ठरवून घ्या. खड्डे आणि गतिरोधक खाल्ल्यावर फ्रेम जागेवर बसते आणि पट्टे थोडे ढिले होतात. पुण्याहून येताना शिरवळला बस थांबली की चारही पट्टे हाताने दाबून बघा, घाट त्याच्या पुढे आहे. उतरताना आधी माणसाचा पट्टा, मग मागचे, मग पुढचे.

राहिला हक्काचा भाग. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम ४१ मध्ये सार्वजनिक वाहतुकीतल्या सोयींची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०१९ मध्ये झालेल्या बदलानुसार १ मार्च २०२० पासून बसमध्ये राखीव सीट, कुबड्या ठेवायची सोय, धरायचे खांब, आणि व्हीलचेअरने चढणं व ती आत अडकवून ठेवणं याची व्यवस्था अपेक्षित आहे. तक्रार लेखी करा आणि मोघम करू नका. "गैरसोय झाली" असं लिहिलं तर "दखल घेतली" असं उत्तर येतं. बसचा नंबर, तारीख, वेळ, मार्ग लिहा आणि मग नेमकं: चारपैकी किती पट्टे होते, माणसाचा पट्टा होता की नाही, ट्रॅकमध्ये कचरा होता का, कंडक्टरने पट्टा कुठे लावला. फोटो जोडा. मागणीही नेमकी करा: पट्ट्यांचा पूर्ण संच, तो ठेवायला बसमध्ये पेटी, आणि आगारातल्या वाहक-चालकांना तो लावून दाखवायचं प्रात्यक्षिक. सरकारी बस असेल तर अर्ज आगार व्यवस्थापकांना द्या आणि प्रत विभाग नियंत्रकांना. उत्तर आलं नाही तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांच्या कार्यालयात पाठवा. पोच घ्यायला विसरू नका. प्रात्यक्षिकाला तुमचीच खुर्ची घेऊन जायची तयारी दाखवलीत तर आगाराला नाही म्हणणं अवघड जाईल.